मनरंजनाच्या पायथ्याशीं

मृगाचा पाऊस अद्याप लागावयाचा होता आणि आमच्या घरांत लोणावळ्याचें वादळ आधींच उठलें होतें. ही गोष्ट २०२४ च्या जून महिन्याच्या आरंभींची. सुटी संपत आलेली. दोन्ही चिरंजीवांचीं व पुतण्याचीं मिळून पांच नातवंडें घरांत जमलेलीं. आणि त्या पांचांचें एकमत झालेलें, जें आमच्या घरांत वर्षांतून एखाद्या वेळींच होतें. पाऊस लागला कीं पहिल्या रविवारीं भुशीच्या धरणावर जावयाचें, पायऱ्यांवरून फेसाळत येणाऱ्या पाण्यांत बसावयाचें, भाजलेलें कणीस खावयाचें आणि चिक्की घेऊन परत यावयाचें, असा त्यांचा बेत होता. वहिनींचा व सूनबाईंचा त्यास पाठिंबा होता. विरोधी पक्षांत मी एकटाच.

माझा विरोध म्हातारपणाचा आहे असें सर्वांनीं गृहीत धरलें, आणि मींहि वाद वाढविला नाहीं. तडजोड म्हणून, पाऊस लागण्यापूर्वीं सर्वांस एक रात्र राजमाचीस नेण्याचें मीं कबूल केलें. "तेथें काय आहे?" असें धाकट्यानें विचारलें. "काळोख आहे," असें मीं सांगितलें. तो उत्तरानें फारसा संतुष्ट झालेला दिसला नाहीं.

ज्यांनीं राजमाची पाहिली नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनें निघालें म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरांवर हा डोंगर येतो. त्यावर श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले, दोहोंच्या मधल्या खिंडींत भैरवनाथाचें देऊळ, पायथ्याशीं उधेवाडी हें लहानसें गांव, आणि पश्चिमेस एकदम तुटलेला कडा. त्याखालीं उल्हास नदीचें खोरें व कोंढाण्याचीं लेणीं. धाकट्या गडास मनरंजन हें नांव ज्यानें दिलें, त्यास पुढील काळाची चाहूल लागली होती कीं काय, न कळे. आज सारा मावळ प्रांतच पुण्या-मुंबईचें मन रमविण्याच्या कामीं लागला आहे.

मी तेथें प्रथम गेलों तो १९८७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस. पुण्यांतील एका शाळेंत मी संस्कृत व मराठी शिकवीत असें. वय सत्तावीस, उत्साह दांडगा आणि अनुभव जवळजवळ नाहींच. एकेचाळीस मुलें व आम्ही दोघे शिक्षक असा लवाजमा भैरवनाथाच्या देवळांत उतरला. काजव्यांचा हंगाम आहे हें आम्हांस ठाऊकहि नव्हतें. अंधार पडतांच उतरणीवरचा एक सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटला आणि विझला, पुन्हां पेटला आणि विझला. मग शेजारचा हिरडा, त्याच्या पलीकडचें जांभूळ. एकानें दुसऱ्यास खूण द्यावी आणि त्यानें ती तिसऱ्यास पोहोंचवावी तसें तें तेज रानभर फिरूं लागलें. मुलें वेडीं झालीं. खरें सांगावयाचें तर मीहि झालों. विजेऱ्या निघाल्या. शिदोरीच्या बरण्या रिकाम्या करून मुलें उतरणीवर धांवलीं आणि मूठमूठ काजवे बरण्यांत भरूं लागलीं. "निसर्गनिरीक्षण" असें भारदस्त नांव देऊन त्यास परवानगी दिली ती मींच. रात्रीं देवळांत त्या एकवीस-बावीस बरण्या रांगेनें मांडल्या तेव्हां फार शोभा आली. सकाळीं पाहातों तों प्रत्येक बरणीच्या तळाशीं करड्या रंगाचे किडे निपचित पडलेले.

ज्या घरीं आमच्या भाकऱ्या भाजल्या होत्या, त्या घरचे म्हातारबाबा मला त्या सादड्याखालीं घेऊन गेले. झाडाखालचा पालापाचोळा एकेचाळीस जोड्यांनीं चेंदून टाकला होता. देवळापासून झाडापर्यंत, पायवाट सोडून, एक नवीच वाट रात्रींतून उमटली होती.

"मास्तर, ह्येंची पिल्लं ह्या पाचोळ्यातच असत्यात," ते म्हणाले. "वरचं मेलं त्ये मेलं, खालचं बी तुडावलं. पोरं ल्हान हायती, त्येंना काय बोलायचं? तुमी तरी सांगायचं हुतं."

"मला ठाऊक नव्हतें, बाबा."

"मग इचारायचं हुतं."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि आज अडतीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तें सुचलेलें नाहीं. पुढील वर्षीं मी एकटाच त्याच दिवसांत तेथें गेलों. इतर झाडें पूर्ववत् झळकत होतीं. तो सादडा बहुतेक काळा होता. एका वर्षाच्या अनुभवावरून कार्यकारणभाव ठरवूं नये, कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडूं शकते, हें न्यायशास्त्र शिकतांना मीं घोकलें होतें. तरी त्या झाडाखालून निघतांना तो न्याय माझ्या कांहीं उपयोगी पडला नाहीं.

पुढें पुस्तकें चाळून मीं जें समजून घेतलें तें असें. काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या भागांत एक द्रव्य असतें. विशिष्ट विकराच्या साहाय्यानें त्याचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे प्रकाश निर्माण होतो. त्यांत उष्णता जवळजवळ नसतेच. नर उडतां उडतां आपल्या जातीच्या ठराविक लयींत चमकतो, आणि मादी खालीं बसून त्यास उत्तर देते. त्या उत्तरावरून तो तिला शोधून काढतो. पंख फुटलेल्या काजव्याचें आयुष्य कांहीं दिवसांचें, फार तर कांहीं आठवड्यांचें. त्यापूर्वींचे कित्येक महिने त्याची अळी ओलसर मातींत व पाचोळ्यांत गोगलगाई खाऊन वाढत असते. तेव्हां आपण पाहावयास जातों तो त्यांच्या लग्नाचा मुहूर्त होय. त्या मुहूर्तावर मोटारीचा दिवा किंवा भ्रमणध्वनीचा झोत फेंकला कीं मादीचें उत्तर नराच्या दृष्टीस पडत नाहीं. आणि पायवाट सोडून झाडाखालीं शिरलें कीं पुढील वर्षाचे काजवे टांचेखालीं जातात. एवढें ज्ञान म्हातारबाबांपाशीं होतें. त्यांस विकराचें नांव तेवढें माहीत नव्हतें.

नातवंडांस नेलें तेव्हां मीं तीन नियम घातले. विजेरी एकच, तिच्या तोंडावर लाल कागद बांधलेला, आणि ती केवळ पायांपुढें धरावयाची. भ्रमणध्वनि घरमालकांच्या फडताळांत ठेवावयाचे. आणि वाटेवरच्या एका खडकावर जाऊन बसल्यावर अर्धा तास कोणीं उठावयाचें नाहीं. पहिलीं दहा मिनिटें कुरकुर झाली. मग डोळे सरावले. मग कोणी बोलेनासें झालें. धाकट्यानें माझा हात घट्ट धरला होता, बऱ्याच वेळानें तो कानाशीं येऊन म्हणाला, "आजोबा, तीं झाडें एकमेकांशीं बोलताहेत." मीं त्यास दुरुस्त केलें नाहीं, शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्याचा हा एक फायदा.

भुशीचें पुढें पाहूं, असें म्हणत आम्ही परतलों. जून महिन्याचा शेवटचा रविवार ३० तारखेस होता. त्या दिवशीं भुशी धरणाच्या मागील डोंगरांतून येणाऱ्या धबधब्यांत पुण्याच्या एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले: एक स्त्री आणि चार मुलें. तीं माणसें प्रवाहाच्या मधोमध एकमेकांस घट्ट धरून उभीं असल्याचें चित्र देशभर लोकांनीं पाहिलें. आमच्या घरांत तें वृत्त मोठ्या नातीनें वाचून दाखविलें, आणि वाचतां वाचतां मध्येंच थांबली. आमचींहि मुलें पांचच. त्यानंतर त्या बेताविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

त्या दुर्दैवी कुटुंबास दोष देणें मला क्रूरपणाचें वाटतें. ओढा गुडघाभर आहे, मुलें हंसत आहेत, भोंवतीं शेंकडों लोक तेंच करीत आहेत; अशा वेळीं मनुष्य सावध कसा राहणार? पण पाण्याचा हिशेब तो उभा असलेल्या जागीं होत नसतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस पासष्ट किलोमीटरांवर पुण्यांत जेमतेम सातशें. शिवाय येथील माथा काळ्या पाषाणाचा, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यांत तो भिजून तृप्त झाला म्हणजे पडणारें पाणी मुरत नाहीं, सरळ धांवत सुटतें. वरच्या पठारावर एक जोराची सर झाली कीं खालचा ओढा कांहीं मिनिटांत वाढतो, आणि खालीं कदाचित् पाऊस नसतोहि. पाणी एकाएकीं गढूळ झालें, काटक्या व पाला वाहून येऊं लागला, ओढ्याचा आवाज जड झाला, कीं जें असेल तें तेथेंच टाकून उंच कांठावर यावें. मावळांतील गुराख्याचें सात वर्षांचें पोर हें जाणतें. आमचीं मुलें भूगोलांत उत्तम गुण मिळवितात व हें जाणत नाहींत. तीं जाणत नाहींत याचें कारण आम्हीं त्यांस डोंगर दाखविला तो देखावा म्हणून. वर्ग म्हणून नव्हे.

त्या अपघातानंतर जिल्हाधिकाऱ्यांनीं धोक्याच्या जागांवर मनाईहुकूम काढले. पुढच्याच वर्षीं, १५ जून २०२५ रोजीं, तळेगांवाजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखालीं कोसळला व चार जीव गेले. तोहि रविवारच होता.

येथें थोडें मागें जाणें इष्ट आहे. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशीं हीं खोरीं. भाजें, कार्लें, बेडसें येथील लेणीं दोन हजार वर्षांपूर्वींपासून या वाटेनें जाणाऱ्या-येणाऱ्यांनीं पाहिलीं आहेत. परंतु मौज म्हणून येणाऱ्यांची रीघ लागली ती फार अलीकडे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी वर आली आणि लोणावळें हें हवा पालटण्याचें ठिकाण झालें. भुशीचें धरणहि मूळचें रेल्वेचें. वाफेच्या एंजिनांस पाणी हवें म्हणून तें बांधलें, सहलीकरितां नव्हे. मग टाटांनीं लोणावळें, वळवण व शिरोता येथें पाणी अडवून तें घाटाखालीं सोडलें व १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईस जाऊं लागली. २००२ सालीं द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि मुंबईकरास सकाळीं उठून दुपारच्या जेवणास येथें येणें शक्य झालें. प्रत्येक वेळीं मावळानें शहरास कांहीं तरी दिलें: वाट दिली, पाणी दिलें, हवा दिली. घेणाऱ्यानें मात्र "मग इचारायचं हुतं" या प्रश्नास कधीं तोंड दिलें नाहीं. डोंगर फोडून बंगल्या उठल्या, भाताचीं खाचरें तारांच्या कुंपणांत गेलीं, आणि जो कालपर्यंत शेताचा धनी होता तो त्याच जागेवर राखणदार म्हणून उभा राहिला.

इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळच कुरवंड्याच्या बाजूस. आपण तेथें ओढ्यांत टाकलेली प्लास्टिकची पिशवी देहू-आळंदीच्या दिशेनेंच जावयाची. आळंदीस जाऊन नदीच्या मळाविषयीं हळहळणारी कितीतरी भाविक मंडळी मीं लोणावळ्यांत पाहिली आहे, आणि त्यांच्या हातांतील पिशव्याहि पाहिल्या आहेत.

आतां कोणी म्हणेल, मग बंदच करा. दोर लावा, फलक लावा, शिपाई बसवा. फलकांवर माझा फारसा विश्वास नाहीं. चाळीस वर्षें मीं फळ्यावर लिहिलें आहे. लिहिलेलें किती जण वाचतात याचा मला अंदाज आहे. आणि केवळ बंदी घालून भूमि राखली जाते हेंहि खरें नाहीं. त्याचें उदाहरण साताऱ्याजवळचें कासचें पठार. २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर त्यास जागतिक वारशांत स्थान मिळालें. फुलें पाहावयास एवढी झुंबड उडाली कीं कुंपण घालावें लागलें. कुंपणानें माणसांचे पाय थांबले, पण गुरांचेहि थांबले. गवत माजूं लागलें आणि त्याखालीं तीं इवलीं फुलें दबूं लागलीं अशी तक्रार झाली. पुढें तें कुंपण काढून टाकण्यांत आलें. जें राहिलें तें असें: दिवसाच्या माणसांची संख्या ठरलेली, आधीं नोंदणी, प्रवेशाचें शुल्क, आणि व्यवस्था आसपासच्या गांवांतील लोकांच्या समितीकडे. त्यांतहि दोष असतील; रविवारीं तेथें जाऊन आलेल्या माझ्या एका स्नेह्यानें ते सविस्तर सांगितले. परंतु दिशा बरी आहे. संख्येस मर्यादा, आणि राखणाऱ्यास त्या राखण्यांतून भाकरी.

मावळांत ही कल्पना नवी नाहीं. येथील देवरायांची व्यवस्था याहून निराळी काय आहे? माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील देवराया पायीं हिंडून नोंदविल्या, तेव्हां विद्वानांस त्यांचें महत्त्व कळलें. गांवास तें कळण्याची गरज नव्हती. पवन मावळांत आजिवलीची देवराई अशीच प्रसिद्ध आहे. तिच्यांतील भेरली माड पाहण्यासारखे आहेत. देवराईंत कुऱ्हाड चालत नाहीं. बहुतेक ठिकाणीं वाळलेली काटकीहि उचलीत नाहींत. पायांतील वहाण बाहेर. पण देवराई म्हणजे कुलुपबंद खोली नव्हे. तेथें उत्सव होतो, पंगत बसते, पोरें खेळतात, औषधाला साल किंवा पान लागलें तर कौल लावून नेतात. गांवची मौज आणि गांवचें रान एकाच जागीं शेंकडों वर्षें नांदलीं तीं कोणी तरी विचारलें आणि कोणी तरी "नाहीं" म्हणूं शकलें म्हणून. आम्हां सुशिक्षितांनीं त्यास दीर्घकाळ भोळेपणा म्हटलें. त्या भोळेपणाच्या पोटांत झरा जिवंत राहिला होता. तो आटला त्या गांवांस आतां टँकरची वाट पाहावी लागते.

माझें संस्कृत फार मोठें नाहीं, पण शाकुंतलाचा पहिला अंक मीं वर्षानुवर्षें शिकविला. त्यांत एक लहानसा प्रसंग आहे. मुलें तो ओलांडून पुढें शकुंतलेकडे धांवतात. राजा दुष्यंत कण्वाच्या आश्रमाच्या सीमेशीं येतो. तेथील रहिवाशांस उपद्रव होऊं नये म्हणून तो सारथ्यास रथ तेथेंच थांबवावयास सांगतो, धनुष्य व अलंकार उतरवून त्याच्या हातीं देतो, आणि तपोवनांत साध्या वेषानें जावें असें म्हणून पायीं आंत शिरतो. साऱ्या पृथ्वीचा धनी, पण दुसऱ्यानें राखलेल्या रानाच्या कडेशीं खालीं उतरतो. लोणावळ्याच्या कड्यावर शनिवारीं संध्याकाळीं जी मोटारींची रांग लागते, जें कर्कश संगीत चालतें, तें पाहून मला तो सारथि आठवतो. आमच्याकडे रथ थांबवा असें सांगणारें कोणी नाहीं.

हें अशक्य आहे असेंहि नाहीं. घाटाच्या पलीकडे माथेरान आहे. तेथें मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढें पायीं, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीनें जावें लागतें. अलीकडे ई-रिक्षांचा अपवाद तेवढा झाला आहे. २००३ सालीं त्या डोंगरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचें संरक्षणहि मिळालें. मोटार नाहीं म्हणून माथेरान ओस पडलें, असें मीं ऐकलेलें नाहीं. उलट इकडे लोणावळ्याच्या कड्यावर कांचेचा पूल उभारण्याची योजना २०२४ सालीं मंजूर झाली. पायांखालीं कांच घातल्यानें दरी अधिक खोल दिसते कीं काय, हें मला समजत नाहीं. तेवढ्या पैशांत लोहगड-विसापूरच्या वाटांवर किती राखणदार नेमतां येतील, याचा हिशेब मात्र कोणी तरी करावा. लोहगड तर जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत आला. तेथील गर्दी आतां वाढणारच.

वाटांचा विषय निघाला आहे तर सांगतों, कारण ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते. डोंगरावर माणसें चाललीं कीं माती दबून घट्ट होते, गवत मरतें. पावसाचें पाणी मोकळ्या रानांत पसरून मुरतें. उघड्या पायवाटेवर तें एकत्र होऊन धांवतें व वाटेस घळ पाडतें. घळींत चिखल झाला म्हणून पुढचा मनुष्य तिच्या कडेनें चालतो, मग तीहि कड जाते. चार-पांच पावसाळ्यांत हातभर वाटेचा गाडीरस्त्याएवढा ओघळ होतो, आणि कारवीच्या मुळांनीं धरून ठेवलेली माती खालच्या खाचरांत जाऊन पडते. ती कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलावयाची. यावर उपाय जुनाच आहे: वाटेवर ठराविक अंतरानें तिरपी दगडांची ओळ बसवून पाणी बाजूस काढावें, वळणें चुकवून सरळ उतरणाऱ्या चोरवाटा कांटे टाकून बंद कराव्या, आणि जी वाट थकली तिला एखाद-दुसरें वर्ष विश्रांति द्यावी. हें काम जाणणारीं माणसें उधेवाडींत आहेत, भाज्यांत आहेत, लोहगडवाडींत आहेत. त्यांस त्याची मजुरी मात्र कोणीं द्यावी हें ठरलेलें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस आपलें रान राखण्याचा अधिकार दिला आहे. अधिकाराबरोबर रोजमुरा पोहोंचेल तेव्हां वाटा वांचतील.

आणि आमच्या शाळा? सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण सक्तीचें करण्याचा आदेश दिला, २००३ सालीं पुन्हां बजावलें. पुस्तकें छापलीं गेलीं, गुण ठेवले गेले, प्रकल्पवह्या सजल्या. मीं स्वत: शेंकडों वह्या तपासल्या, त्यांपैकीं निम्म्यांत एकाच दुकानांतून विकत घेतलेलीं चित्रें चिकटविलेलीं असत. सहल निघे ती तीन मोटारगाड्या भरून, एका दिवसांत चार स्थळें उरकण्याकरितां. १९८७ नंतर मीं माझ्यापुरता नियम केला: एका खेपेस बारा मुलें, एकच जागा, आणि गांवांतील एक मनुष्य मानधन देऊन शिक्षक म्हणून सोबत. मुख्याध्यापकांस हें फार महागडें वाटे, पालकांस फार कंटाळवाणें. सगळीं मुलें न्यावयाचीं तर वर्षाचे शनिवार पुरत नसत, हेंहि खरें. कित्येक मुलें माझ्या हातून राहून गेलीं, आणि त्यांवर अन्याय झाला असें मला आजहि वाटतें. परंतु जीं आलीं त्यांतील एक जण पुढें शेतकीखात्यांत गेला. तो अजून भेटला म्हणजे हिरड्याच्या पानाच्या देठावरच्या गांठी कोणत्या झाडाखालीं बसून मोजल्या तें सांगतो.

घरच्या सहलींस मात्र ही अडचण नाहीं. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत दहा-बारा माणसें सहज असतात; तेवढाच वर्ग. मुक्काम हॉटेलांत न करितां गांवांतल्या घरीं करावा, पिठलें-भाकरी व इंद्रायणीचा भात जेवावा, किंमत करतांना घासाघीस करूं नये, आणि सोबत नेलेलें प्लास्टिक मोजून परत आणावें. आमच्या सूनबाईंनीं त्या खेपेस खरोखर मोजलें: नेलीं सतरा, आणलीं एकोणीस. दोन वाटेवरचीं.

उधेवाडींत आम्ही उतरलों होतों तें घर त्याच म्हातारबाबांच्या नातवाचें. बाबा जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्या रात्रीं आम्ही जेवीत असतां यजमानांस सारखे दूरध्वनि येत होते. मुंबईहून अठरा जणांची एक टोळी वाटेवर होती, वाटेल तो दर द्यावयास तयार होती. त्यांच्या ओटीवर व माळ्यावर मिळून जागा होती ती चौदांची, आणि आम्हीच आठ जण होतों. ते शांतपणें "न्हाई, आज व्हायचं न्हाई, खाली लोणावळ्यात ऱ्हावा, सकाळी या," असें सांगत होते. त्यांच्या पत्नीनें चुलीपुढून एकदां त्यांच्याकडे पाहिलें. अठरा माणसांचे पैसे म्हणजे त्या घरास लहान रक्कम नव्हे. ते तिला एवढेंच म्हणाले, "आगं, उद्या झाडाखाली कोन बघनार?"

गेल्या वर्षीं मे महिन्यांत मोठ्या नातीनें आपण होऊन त्यांना दूरध्वनि लावला. आपल्या मैत्रिणींस काजवे दाखवावयाचे तिच्या मनांत होतें. नऊ मुली, शनिवार-रविवार. यजमानांनीं सर्व ऐकून घेतलें आणि तिला सांगितलें कीं, दोन्ही शनिवार भरले आहेत, मंगळवारीं या, आणि याल तेव्हां दिव्याला लाल कागद लावून आणा. ती हिरमुसली होऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "आजोबा, तुमच्या ओळखीचा कांहीं उपयोग झाला नाहीं."

मंगळवारीं शाळा नव्हती. त्या मंगळवारीं गेल्या.